राहिलेली सुई

त्या वर्षी उन्हाळा लागता लागता जनावरांत लाळ्याचा रोग आला. पलीकडच्या दोन गोठ्यांत गायी तोंडातून फेस गाळत तीन पायांवर उभ्या होत्या. आमच्या मालकाने मुकादमाला सांगितलं, दोन दिवसांत सगळ्या एकशे चाळीस जनावरांना सुई झाली पाहिजे. धारा चुकवायच्या नाहीत आणि जादा माणूस मिळणार नाही.

म्हणून माझी बायको नऊ महिन्यांचं पोट घेऊन गोठ्यात उभी राहिली. जनावरांचे डॉक्टर सुई द्यायचे, मी दावं आखडून मान दाबून धरायचो आणि सुई झाली की ती मागून पुठ्ठ्यावर निळ्या खडूचा पट्टा ओढायची. एवढ्या जनावरांत कुणाची झाली, कुणाची राहिली, हे त्या पट्ट्यावरूनच कळायचं. पट्टा आहे, म्हणजे झालं. पट्टा नाही, म्हणजे आणा परत ओढून.

मुकादम दारात उभा राहून आकडे मोजत होता. पोट सुटलेला माणूस, काम करताना कधी दिसला नाही. तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही स्वतःलाच एक पट्टा मारून घ्या. गाभण जनावर वेगळं दिसलं पाहिजे."

ती म्हणाली, "आधी तुमच्या पोटावर मारते. चरून झालंय म्हणून."

डॉक्टर एवढे हसले की सुई बाजूला धरून थांबले. मुकादम तोंड वाकडं करून निघून गेला. माझी बायको अशी होती.

दुपारी पेंडीच्या पोत्यांवर आम्ही जेवायला बसलो. तिची आई बाळंतपणासाठी येऊन राहिली होती, तीच डबा घेऊन आली होती. बायकोने पाय लांब केले. घोटे सुजून खांबासारखे झाले होते.

ती मला म्हणाली, "अहो, ऐका. तपासणीला गेले तेव्हा सिस्टरने सांगितलंय. नव्या बाळाच्या अंगात रक्त गोठायला जे लागतं ते कमी असतं. आईच्या दुधातूनही पुरेसं मिळत नाही. जन्मल्यावर मांडीत एक सुई देतात, के जीवनसत्त्वाची. ती आपल्या बाळाला द्यायची."

"देतील की."

"देतील की नाही. विचारतात आधी. तेव्हा मी शुद्धीत असेन-नसेन. तुम्ही हो म्हणायचं."

सासूबाई डब्याचं झाकण लावता लावता म्हणाल्या, "काल जन्मलेल्या पोराला सुई? जनावर आहे का ते? तुम्हा चौघांना मी कुठे सुया टोचल्या?"

"चौघं नव्हतो आई. पाच होतो. पाचवा महिन्याचा होऊन गेला."

सासूबाईंचा हात थांबला. "तो विषय काढू नकोस," म्हणाल्या आणि डबा उचलून चालत्या झाल्या.

बायको माझ्याकडे वळली. "आई नको म्हणेल. ती रडेल, शपथा घालेल. तुम्ही भिडस्त आहात, मला माहीत आहे. पण एवढ्या एका गोष्टीला हो म्हणायचं. म्हणाल ना?"

मी हो म्हणालो. तोंडात घास होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटच्या रांगेला ती खडू हातात घेऊनच खाली बसली. दुधाचे कॅन उतरवून मालकाच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं. रात्र तिथेच गेली, सकाळी दहाच्या सुमारास मुलगी झाली. बाराच्या आत बायको गेली.

रक्त थांबत नव्हतं. मला बाहेर काढलं होतं. आत सासूबाई होत्या, त्यांनी पाहिलं ते असं, की डॉक्टरीणबाई ओरडल्या, एका सिस्टरने लेकीच्या मांडीत सुई खुपसली, आणि थोड्या वेळाने लेकीने डोळे फिरवले. ती सुई रक्त थांबवायला होती. ती उशिरा पडली की कमी पडली, ते डॉक्टरांना ठाऊक. पण सासूबाईंच्या डोक्यात दोनच गोष्टी राहिल्या, सुई दिली आणि लेक गेली. त्यांना कुणी जवळ बसवून काही सांगितलं नाही. मलाही नाही. "आम्ही प्रयत्न केले" एवढं मात्र दोघातिघांनी येता-जाता सांगितलं.

मग मला पळवायला लागले. खाली जा, हा कागद आणा. वर जा, तिथे शिक्का घ्या. खिडकीतला माणूस जेवायला गेला होता, त्याची वाट पाहा. माझ्या पायात गोठ्यातले गमबूट होते, त्यांना शेण लागलं होतं. एका बाईने नाकाला पदर लावून मला भिंतीकडेने चालायला सांगितलं. बायको आत चादरीखाली होती आणि मी भिंतीकडेने चालत होतो.

परत आलो तेव्हा सासूबाई बाकावर पोर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी ती माझ्या हातात दिली. फडकं बाजूला झालं आणि पोरीचा पाय बाहेर आला. तळव्याला निळं लागलं होतं. पुसलेलं, तरी दिसत होतं.

मला वाटलं, सुई झाली.

आता हे वाचणारा हसेल. हसा. पण माणूस जे काम रोज करतो, त्याच्याच डोळ्यांनी बघतो. दोन दिवस मी एकशे चाळीस पुठ्ठ्यांवर निळं बघत होतो. अंगावर निळं म्हणजे झालं, हे माझ्या हाडात बसलं होतं. मला एवढं बरं वाटलं की लाज वाटते सांगायला. वाटलं, सुटलो. मी नव्हतो तेव्हाच देऊन टाकली. सासूबाईंशी भांडावं लागलं नाही.

मेजामागच्या सिस्टरने चार कागद पुढे सरकवले. "इथे, इथे, इथे आणि इथे. हा बॉडीचा, हा बाळाचा. आणि हा, आजीबाईंनी सांगितलंय तसं."

मला वाचता येतं. सातवीपर्यंत शिकलोय. खिडकीवरच्या पाट्या वाचतो, औषधांच्या बाटल्या वाचतो. त्या दिवशी मी एक अक्षर वाचलं नाही. सह्या केल्या. सिस्टरने मान वर न करता कागद टाचले.

आजीबाईंनी काय सांगितलंय, हे मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी मी कामावर गेलो. मुकादम म्हणाला, "वाईट झालं. पण धारा तर काढाव्याच लागतात." तेवढंच. बायकोच्या वाट्याच्या बावीस गायी त्याने माझ्या अठरांत घातल्या. पहाटे चाळीस, संध्याकाळी चाळीस. काही मशीनवर, आणि ज्यांची सडं फाटली होती त्या हाताने. बोटं वळायची नाहीत. तिच्या हाताची सवय लागलेल्या दोन गायी मला पान्हाच सोडत नव्हत्या. एकीने लाथ मारून बादली उडवली. मुकादम लांबून म्हणाला, "तिलाही कळतं, धनी नवा आहे." मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर काम गेलं असतं.

घरी पोरीला दूध थोरलीचं मिळत होतं. थोरली म्हणजे बायकोची मोठी बहीण. नवऱ्याबरोबर आमच्याच चाळीत, दोन खोल्या सोडून राहायची. तिचा मुलगा सहा महिन्यांचा होता. ती एका बाजूला त्याला आणि एका बाजूला हिला घेऊन बसायची. "भाऊजी, काळजी करू नका," म्हणायची, "माझ्या पोराचं वजन काट्यावर मावत नाही, त्यातलं थोडं हिला जाईल." तिने काही कमी केलं नाही. पोर अंग धरायला लागली. गाल भरले.

सासूबाई तिला न्हाऊ घालत, निजवत. मी गोठ्यातून आलो की त्या बाहेर जाऊन बसत. आम्ही दोघं त्या सुईबद्दल एक शब्द बोललो नाही. मला वाटायचं, त्यांना न कळता झालं, कशाला सांगा. त्यांना वाटायचं, मला न कळता टळलं, कशाला सांगा. एका खोलीत महिनाभर दोघं गप्प होतो, आणि दोघांनाही वाटत होतं आपणच जिंकलो.

पाचव्या आठवड्यात पोरीच्या दंडावर निळसर डाग दिसला, चिंचोक्याएवढा. सासूबाई म्हणाल्या, "थोरलीच्या बांगडीने दाबलं असेल." थोरली म्हणाली, "मी दूध पाजताना बांगड्या घालत नाही, आई." दुसऱ्या दिवशी पाठीवर आणखी दोन. तिसऱ्या दिवशी सकाळी मी धारा काढून आलो तर पोरीच्या नाकाखाली रक्ताची रेघ होती. सासूबाईंनी ती पुसली. पुन्हा आली. त्यांनी फडक्याचं टोक धरलं. मी कामाचे कपडे बदलेपर्यंत ते टोक भिजलं होतं.

"नख लागलं असेल तिचंच," सासूबाई म्हणाल्या.

"एवढं?"

"उन्हाने येतं. उगाच दवाखान्यात नेऊ नका, जावईबापू. तिथे नेलं ते परत आलं नाही."

मी परत गोठ्यात गेलो. मुकादमाने वासरांच्या पाठीमागे लावलं. जनावरांचे डॉक्टर आलेले होते, एका वासराचं पोट तपासत होते. मी वासराचं डोकं धरलं होतं. मी सहजच बोलल्यासारखं म्हटलं, "डॉक्टर, पोरीच्या नाकातून सकाळपासून रक्त येतंय. थांबत नाही. उन्हाने येतं का हो?"

त्यांनी वासरावरचा हात काढला. "किती दिवसांची झाली?"

"छत्तीस दिवसांची."

"अंगावर डाग आहेत?"

"आहेत तीन-चार. निळे."

"जन्मल्यावर के दिलं होतं का तिला?"

"हो. दिलंय. पायाला निळं होतं."

"काय होतं?"

"निळं. तळव्याला. पट्टा मारतो ना आपण, तसं."

ते हळू बोलले. मला त्यांचा हळू आवाज तोवर माहीतच नव्हता, सदा ओरडणारा माणूस. "अरे, ती शाई. पायाचा ठसा घेतात, पोरांची अदलाबदल होऊ नये म्हणून. माणसांच्या दवाखान्यात पट्टा मारत नाहीत."

वासराने मान झटकली. माझ्या हातातून डोकं सुटलं.

"उंदराचं औषध खाल्लेलं कुत्रं आणतात ना माझ्याकडे," डॉक्टर हात पुसता पुसता म्हणाले, "आतल्या आत रक्त वाहून मरतं ते. त्याला हेच के टोचतो मी. कुत्र्याला मिळतं ते तुझ्या पोरीला मिळालं नाही? चल. गाडीत बस."

मुकादम आडवा आला. "वासरं कोण बघणार?"

"तू बघ," डॉक्टर म्हणाले. "बुड हलव जरा."

घरी पोचलो तर पोर थोरलीच्या मांडीवर होती. दूध ओढत नव्हती. रडणं बारीक, मांजरीच्या पिल्लासारखं. डावा हात लोंबत होता. मी विचारलं, "आई, दवाखान्यात तुम्ही काय सांगितलं होतं?"

सासूबाई चुलीपाशी उभ्या होत्या. त्या चुलीतलं लाकूड मागे ओढू लागल्या.

"आजीबाईंनी सांगितलंय तसं, म्हणाली ती सिस्टर. काय सांगितलं होतं?"

"नको म्हणाले," त्या म्हणाल्या. "त्या सुई घेऊन आल्या होत्या. माझी लेक तिथे गार होत होती, आणि त्या दुसरी सुई घेऊन आल्या. मी नको म्हणाले. तुम्ही असता तर काय म्हणाला असतात?"

"हो म्हणालो असतो. ती सांगून गेली होती."

"मग म्हणाला का नाहीत?"

डॉक्टर बाहेरून भोंगा वाजवत होते. थोरलीने पोर उचलली, तिचा मुलगा शेजारणीकडे टाकला आणि आम्ही निघालो. सासूबाई अनवाणी गाडीत चढल्या. त्यांना कुणी या म्हटलं नव्हतं.

दवाखान्यात या वेळी वेळ लागला नाही, कारण आमच्या डॉक्टरांनी दारातूनच ओरडायला सुरुवात केली. लहान मुलांच्या डॉक्टरांनी पोर टेबलावर घेतली, डाग बघितले, टाळू चाचपली. टाळू फुगली होती. त्यांनी विचारलं, के दिलं होतं का. मी म्हणालो, नाही. ते मला छत्तीस दिवस उशिरा कळलं होतं.

सुई दिली. रक्तातलं पिवळं पाणीही चढवलं. संध्याकाळी नाकातलं रक्त थांबलं. एवढीशी बाटली, वाटाण्याएवढं औषध. मी ती रिकामी बाटली हातात घेऊन बघितली. आमच्या गोठ्यात असल्या बाटल्या कचऱ्यात पडलेल्या असतात.

डोक्याचा फोटो काढला. आत रक्त साकळलं होतं. डॉक्टर म्हणाले, "वाचेल. लवकर आणलंत असं म्हणत नाही, पण वाचेल. डाव्या हाताचं आत्ता सांगता येणार नाही. वर्षभर बघावं लागेल." सरळ माणूस होता. समोर बसून, माझ्याकडे बघून बोलला. हेच छत्तीस दिवसांपूर्वी कुणी बोललं असतं तर?

नवव्या दिवशी पोरीला घरी सोडायचं ठरलं. मला खालच्या खोलीत बोलावलं. मेजामागे साहेब होता, बाजूला लिहिणारा कारकून. साहेबाने जुना कागद माझ्यापुढे ठेवला. आता मी तो वाचला. 'सदर इंजेक्शनचे फायदे व न दिल्यास होणारे धोके आम्हांस समजावून सांगण्यात आले आहेत. तरीही आम्ही स्वखुशीने नकार देत आहोत.' खाली माझी सही. वाकडी झालेली.

"सही तुमचीच आहे ना?" साहेब म्हणाला.

"माझीच आहे."

"मग झालं. आमच्यावर काही येत नाही. फक्त आता वरून चौकशी आलीय, म्हणून एक लिहून द्या. त्या दिवशी तुम्हाला नीट समजावून सांगितलं होतं, एवढंच. कारकून लिहील, तुम्ही सही करा."

"कुणी समजावलं होतं?"

"सिस्टरने."

"सिस्टर इथे, इथे, इथे आणि इथे एवढंच बोलली. वर मान केली नाही. माझी बायको पलीकडच्या खोलीत चादरीखाली होती. मला स्वखुशी होती त्या दिवशी? स्वखुशी लिहिलंय इथे. हा शब्द कुणी घातला?"

"तो छापीलच असतो," कारकून म्हणाला.

"आवाज चढवू नका," साहेब म्हणाला. "तुम्ही वाचायला हवं होतं. तुम्हाला वाचता येतं."

"येतं. माझी चूक आहे. ती मी कुणावर ढकलत नाही. पण तुमची चूक माझ्याकडून पुसून घेऊ नका. गोठ्यात एक जनावर राहिलं तर आम्ही सगळी रांग परत तपासतो. मुकादमासारखा नालायक माणूससुद्धा तपासतो. तुमच्याकडे पोर राहिलं आणि तुम्ही कागद टाचलात."

साहेबाने कारकुनाकडे बघितलं. कारकुनाने कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "तुमच्या शब्दांत लिहा मग. थोडक्यात."

मी लिहायला बसलो. दारात सासूबाई पोर घेऊन उभ्या होत्या. पोरीचा डावा हात त्यांनी आपल्या हातात धरला होता, धरलाच होता नऊ दिवस. मी लिहिलं की सुई द्यायची असं माझ्या बायकोने ठरवलं होतं. तिला तपासणीच्या सिस्टरने नीट सांगितलं होतं. मला इथे कुणी काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही, आणि न वाचता सही केली. मला वाटलं सुई झाली. खाली सही केली. या वेळी सरळ आली.

"काय लिहिलंत?" सासूबाईंनी विचारलं.

मी वाचून दाखवलं.

"माझं कुठे आहे त्यात?"

"तुमचं कशाला, आई?"

"नको म्हणणारी मी होते. ते लिहा. हिच्या आजीने नको म्हटलं, तिला वाटलं सुईनेच लेक गेली, आणि ती सुई कसली होती हे तिला कुणी सांगितलं नाही. असंच लिहा. माझं नाव घालून लिहा."

मी लिहिलं, त्यांच्या नावासकट. मोठ्याने परत वाचलं. त्यांनी मान हलवली.

कारकुनाने कागद उचलून वरखाली बघितला. "हे असं चालणार नाही. असल्या कागदाला फायलीत जागाच नसते."

सासूबाई पुढे आल्या. त्यांनी पोर एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि मोकळा हात मेजावर ठेवला.

"मग जागा करा," त्या म्हणाल्या. "आम्ही इथे बसलोय."